आक्षेप कायम

प्रत्येक घराण्यात संगणकाची तब्येत पाहणारा एक माणूस असतो. संगणक दुरुस्त करणारा वेगळा. त्याला फोन करावा लागतो आणि तो बहुधा पुण्यात नोकरीला असतो. तब्येत पाहणारा घरातच असतो आणि रोज स्कॅन लावतो. त्याला संगणकावर दुसरं काही करायचं नसतं. पत्र लिहायचं नसतं, पत्ते खेळायचे नसतात, लाइट बिल तर तो अजून खिडकीशी रांगेत उभा राहून भरतो. संगणक चालू करायचा, बरा आहे ना ते बघायचं आणि बंद करायचा. आमच्याकडे हे खातं मोठ्या मामांकडे आहे.

मामा साताऱ्याला शाहूपुरीत राहतात. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात गेली. कनिष्ठ सहायक म्हणून लागले, सहायक लेखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. फाईल सापडत नाही म्हणून माणसाची वेतनवाढ रोखलेली त्यांनी पाहिली आहे. फाईल सापडत नाही म्हणून एका हेडक्लार्कला ऐन मुलीच्या लग्नात खुलासा लिहीत बसलेला पाहिला आहे. लोकल फंडाचं ऑडिट यायचं असलं की आदल्या महिन्यात मामांचं वजन उतरायचं. अशा माणसाला निवृत्तीनंतर मुलाने हौसेने संगणक घेऊन दिला आणि त्या संगणकाने एका सकाळी लाल अक्षरांत कळवलं, की फाईल मिसिंग आहे. एक नव्हे, एकशे सत्त्याऐंशी.

मामांची निवृत्ती तिथे संपली.

आता रोज सकाळी अंघोळ, पूजा, चहा, पेपर झाला की तपासणी सुरू होते. संगणकावर मामींनी जुन्या पडद्याचा शिवलेला अभ्रा असतो. तो काढून चौघडी घालायची. यूपीएसचं बटण दाबायचं. चष्मा बदलायचा. विंडोज उघडलं तरी पहिली पाच मिनिटं मामा माउसला हात लावत नाहीत. "त्याला जरा टेकू दे," म्हणतात. जुन्या संगणकावर तेवढ्यात पडद्याच्या मधोमध एक छोटी चौकट यायची. अमुक डीएलएल सुरू करता आली नाही, सांगितलेलं मॉड्यूल सापडत नाही, असं तीत इंग्रजीत लिहिलेलं असायचं. खाली एकच बटण असायचं, ओके. मामांचा मूळ राग या बटणावर होता. "फाईल याने हरवली आणि ओके मी म्हणायचं? म्हणजे उद्या चौकशी लागली तर माझी संमती होती असं दाखवायला हे मोकळे!" म्हणून मामांनी आजवर ओके दाबलेलं नाही. कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून ते ती चौकट मिटवायचे. फुलीला त्यांच्या मते सही लागत नाही.

मग स्कॅन. मामांकडे असे तपासनीस प्रोग्राम एकाच वेळी तीन-चार तरी असतात. एकाचं चित्र झाडूचं, एकाचं स्टेथोस्कोपचं, एकाची नुसतीच ढाल. हिरवी पट्टी सरकत जाते, मामा पुटपुटत टक्के मोजतात आणि शेवटी आकडा येतो. तो आला की माझा फोन वाजतो. मी ऑफिसात सकाळच्या मीटिंगमध्ये असतो.

"भाचेबुवा, मोकळा आहेस ना? आज एकशे एकोणचाळीस. काल एकशे चव्वेचाळीस होत्या. पाच सुधारल्या. पण नऊ नंबरची परत हजर."

नऊ नंबरची म्हणजे मामांच्या वहीतली नववी. ही वही पुठ्ठ्याची, लांबट, लाल कापडी पाठीची. रकाने पट्टीने आखलेले: अनुक्रमांक, दिनांक, गहाळ फाईलचे नाव, ठिकाण, प्रथम आढळल्याचा दिनांक, केलेली कार्यवाही, शेरा. शेऱ्याचा रकाना मी फावल्या वेळात वाचतो. 'पुनश्च आढळली.' 'तीच ती.' 'पुसली, तरी उगवली.' 'अनुपालन असमाधानकारक.' एका ओळीपुढे फक्त 'समज दिली' असं आहे. कोणाला दिली आणि कशी, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही. बहुतेक ओळींपुढे मात्र तेच दोन शब्द: आक्षेप कायम.

मी त्यांना हे सगळं समजावून सांगितलेलं आहे, शांतपणे आणि अनेकदा. विंडोजमध्ये रजिस्ट्री नावाची एक अवाढव्य नोंदवही असते. १९९२च्या विंडोज ३.१ मध्ये ती लहानशी होती, १९९५ला विंडोज ९५ आलं तेव्हापासून सगळा कारभारच तिच्यात गेला. कोणता प्रोग्राम कुठे बसवला, कोणत्या प्रकारची फाईल कशात उघडायची, एखादी सामायिक डीएलएल किती प्रोग्राम वापरतात, सगळं तीत लिहिलेलं. प्रोग्राम काढून टाकला की त्याच्या फायली जातात, पण सगळ्या नोंदी जातातच असं नाही. मग हा तपासनीस येतो, नोंद वाचतो, त्या पत्त्यावर जातो, तिथे कोणी नसतं, आणि हा बोंब मारतो. त्या फाईलवाचून कोणाचंही काही अडलेलं नसतं. अशा शंभर नोंदी पुसल्या तरी वाचलेली जागा मोबाईलवर काढलेल्या एका फोटोएवढीही भरत नाही.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे माणूस बदलून गेला, पण हजेरीपटावर नाव राहिलं."

"बरोबर."

"आणि पगार?"

"पगार निघत नाही मामा. नुसतं नाव आहे."

"नुसतं नाव कधी नसतं रे. नाव आहे तिथे आज ना उद्या पगार निघतो."

यावर मी काय बोलणार? रोज सकाळची ती चौकट नेमकी अशीच निघत होती. कधीकाळी घेतलेला आणि पुढे भंगारात दिलेला एक प्रिंटर होता. त्याचा प्रोग्राम काढला, फायली गेल्या, पण 'संगणक सुरू होताच अमुक डीएलएल चालव' हा हुकूम मागे राहिला. गणपतीला गेलो तेव्हा मी ऑटोरन्स नावाचं एक साधन उघडलं. संगणक चालू होताना काय काय आपोआप सुरू होतं त्याची लांबलचक यादी ते देतं आणि ज्यांची फाईलच जागेवर नाही त्या ओळी पिवळ्या करून दाखवतं. प्रिंटरची ओळ पिवळी होती. तिच्यापुढची खूण मी काढली, संगणक बंद करून परत चालू केला. चौकट आली नाही.

मामा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मला वाटलं, शाबासकी मिळणार.

"कोणाच्या आदेशाने काढलीस?"

"मामा, ती रोज त्रास द्यायची ना तुम्हाला?"

"त्रास वेगळा. कार्यवाहीच्या रकान्यात मी काय लिहू? भाच्याने खूण काढली?" मग जरा वेळाने, स्वतःशीच, "सकाळी पाच मिनिटं जायची तिच्यात."

मामींनी आतून चहा आणता आणता ऐकलं. त्या म्हणाल्या, "परत लाव रे बाबा ती खूण. त्या पाच मिनिटांत माझी भाजी चिरून व्हायची."

मामींचा या प्रकरणातला सहभाग मोठा आणि संपूर्णपणे सक्तीचा आहे. रजिस्ट्रीतल्या काही नोंदींना धड नाव नसतं. महिरपी कंसात बत्तीस अक्षरांचा एक क्रमांक असतो: आधी आठ, मग चार, चार, चार, शेवटी बारा; अंक आणि ए ते एफ ही अक्षरं यांची मिसळ. हे क्रमांक मामा बॉलपेनने वहीत उतरवतात. कॉपी-पेस्ट त्यांना येतं, पण ते त्यांना मान्य नाही. "मूळ प्रतीवरून हाताने उतरवलं की वाचलं जातं." उतरवल्यावर मेळ घ्यायचा. मामींनी पडद्यावरून वाचायचं, मामांनी वहीत बोट ठेवायचं.

"एफ, सात, बी, शून्य…"

"शून्य की ओ?"

"गोल आहे."

"गोल दोन्ही असतात! ए ते एफच्या पुढचं अक्षर यात येत नाही, म्हणजे शून्यच. पुढे."

"डी, चार, आडवी रेघ. अहो, कुकरच्या तीन झाल्या."

"मध्ये बोलू नकोस, चूक होते. आडवी रेघ. पुढे."

"पुढे सी. ही आधार कार्डाची भानगड आहे का हो?"

जगात दुसऱ्या कोणाला तो क्रमांक मिळू नये म्हणून तो इतका लांब ठेवलेला असतो. शाहूपुरीत मात्र त्यातला एक मामींना तोंडपाठ आहे, कारण तो दर दोन-तीन दिवसांनी परत येतो. माझ्या आत्याचा मोबाईल नंबर त्यांना आठवत नाही.

आता रोज नव्या त्रुटी निघण्यामागचं कारण. ते मला कळलं तेव्हा मी चाटच पडलो. विंडोजला एक सवय आहे. तुम्ही जो प्रोग्राम चालवाल त्याचं नाव आणि पत्ता ते एका ठिकाणी टिपून ठेवतं. नवा प्रोग्राम उतरवून घेतला, त्याची सेटअप फाईल चालवली, की तीही टिपली जाते. बसवून झाल्यावर माणूस सेटअप पुसतो. टिपण राहतं. पुढच्या स्कॅनला ते गहाळ म्हणून निघतं. मामा दर आठवड्याला एक नवा तपासनीस उतरवून घेत होते आणि शिस्तीचे असल्यामुळे त्याची सेटअप फाईल लगेच पुसत होते. नव्याने निघालेल्या त्रुटींतल्या कितीतरी जुन्या तपासनिसांच्याच होत्या.

"म्हणजे तपासणी होते म्हणून आक्षेप निघतात," मामा म्हणाले.

"यातले तरी, हो."

"ते मला नोकरीच्या तिसऱ्या वर्षीच कळलं होतं. म्हणून काय तपासणी सोडायची?"

मामांना कोंडीत पकडता येत नाही. रजिस्ट्री साफ करणाऱ्या असल्या प्रोग्रामांना आमचा पाठिंबा नाही, त्याने उलट बिघाड होऊ शकतो, असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं, हे मी त्यांना दाखवलं. मामा खो-खो हसले. "ज्याचं दप्तर तपासायचं तोच म्हणतो तपासणी नको!" मग मी अमेरिकेचा दाखला काढला. ऑफिस डेपो या दुकानांच्या साखळीत ग्राहकांचे संगणक फुकट तपासून देत. सुरुवातीला ग्राहकाला चार प्रश्न विचारत: संगणक मंदावलाय का, मध्येच बंद पडतो का, असे. यातल्या एकाला जरी 'हो' म्हटलं तरी तपासणीचा निकाल ठरलेला, की गडबड आहे, पैसे भरा. २०१९मध्ये तिथल्या व्यापार आयोगापुढे ते दुकान आणि तो प्रोग्राम पुरवणारी कंपनी यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. हे ऐकून मामा खरोखरच गंभीर झाले. मला वाटलं, आता पटलं.

"साडेतीन कोटी," ते म्हणाले. "वसूल झाले? पावती कोणाच्या नावे फाडली?"

मामा कशावरच विश्वास ठेवत नाहीत असं मात्र नाही. पीटर नॉर्टन हे त्यांचं दैवत आहे. हाताची घडी घातलेला, शर्टाच्या बाह्या दुमडलेला नॉर्टन पूर्वी सॉफ्टवेअरच्या खोक्यावर छापलेला असे. तसलं एक रिकामं खोकं मामांनी अजून जपून ठेवलं आहे आणि त्यात ते पंख्याच्या वॉरंटीचे कागद ठेवतात. नॉर्टनची गोष्ट ते आल्या-गेल्याला सांगतात. १९८२च्या आसपास या माणसाकडून एक फाईल चुकून पुसली गेली. ती परत टाईप करत बसण्यापेक्षा त्याने पुसलेली फाईल परत आणणारा प्रोग्रामच लिहिला आणि त्यातून धंदा उभा केला. १९९०मध्ये तो सिमँटेकला विकला. "गहाळ फाईल कशी हाताळावी, तर अशी," मामा म्हणतात. "आमच्याकडे असता तर पहिल्याच दिवशी सस्पेंड केला असता गाढवांनी." मामांच्या तोंडची ही सर्वांत कडक शिवी, आणि ती नेहमी जुन्या ऑफिससाठीच राखीव असते.

संगणकाच्या पडद्यावरही जिल्हा परिषदच आहे. डेस्कटॉपवर सहा फोल्डर आहेत, सरकारी सहा गठ्ठे पद्धतीप्रमाणे: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्ष आणि नष्ट करावयाचे. नोंदी पुसण्याआधी तपासनीस विचारतो, की आहे त्याची प्रत ठेवू का? मामा दर वेळी 'हो' म्हणतात. त्या प्रती 'क-१' वर्गात मोडतात, म्हणजे पाच वर्षं ठेवायच्या, म्हणजे अभिलेख कक्षात. पसारा काढण्यासाठी लावलेल्या प्रोग्रामने तिथे शेकड्याने फायली जमवल्या आहेत आणि दुसरा तपासनीस आता त्याबद्दल तक्रार करतो. सहाव्या गठ्ठ्यातलं मात्र आजवर काहीच नष्ट झालेलं नाही. त्याला वरिष्ठांची मंजुरी लागते आणि घरात वरिष्ठ कोण याबद्दल मामा-मामींत एकमत नाही.

एकदा रात्री साडेदहाला फोन आला. एरवी मामा नऊला झोपतात. आवाज दबका होता.

"सरकारचीच फाईल गेली."

"कोणतं सरकार?"

"विंडोजचं. स्वतःच्याच सर्व्हिसेसच्या फायली जागेवर नाहीत. एक-दोन नाहीत, रांगच्या रांग. फाईल मिसिंग, फाईल मिसिंग."

मामांनी कुठून तरी एक फार जुना तपासनीस मिळवला होता. मी दुरून त्यांच्या पडद्यात शिरलो आणि सिस्टिम ३२ नावाचं फोल्डर उघडलं. त्या यादीतली प्रत्येक फाईल तिथे सुखरूप होती. मग मला उलगडलं. तो तपासनीस ३२ बिटांच्या जमान्यातला आणि मामांचं विंडोज ६४ बिटांचं. असा जुना प्रोग्राम सिस्टिम ३२चं दार ठोठावतो तेव्हा विंडोज त्याला न सांगता दुसऱ्याच खोलीत नेऊन सोडतं. त्या खोलीत ३२ बिटांचा माल असतो. हा बिचारा तिथे ६४ बिटांच्या फायली शोधतो आणि मिळाल्या नाहीत की गहाळ म्हणून लिहितो. यातली खरी गंमत पाट्यांची आहे. ६४ बिटांच्या फायली ज्या फोल्डरात आहेत त्याचं नाव सिस्टिम ३२. आणि ३२ बिटांच्या फायली ज्यात आहेत त्याचं नाव सिसवाऊ ६४.

पलीकडे काही क्षण काहीच आवाज नाही.

"परत सांग. चौसष्टच्या कुठे?"

"बत्तीसच्या पाटीखाली."

"आणि बत्तीसच्या?"

"चौसष्टच्या."

"पाटी का नाही बदलली?"

"जुन्या प्रोग्रामांत सिस्टिम ३२ हाच पत्ता लिहून ठेवलेला होता. पाटी बदलली असती तर ते सगळे अडले असते."

मामा हसायला लागले. मी त्यांना इतकं हसताना लग्नकार्यातही ऐकलेलं नाही. मध्येच खोकला आला, मामींनी पाणी दिल्याचा आवाज आला. मग त्यांनी मला एका सेवापुस्तकाची हकिगत सांगितली. ऑफिसला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने दोन कपाटांच्या पाट्या उलटसुलट लावल्या. आस्थापनेचं कपाट 'बांधकाम' झालं, बांधकामचं 'आस्थापना'. एका शिपायाचं सेवापुस्तक वर्षभर गहाळ होतं, दोन स्मरणपत्रं निघाली, एक चौकशी बसली आणि पुस्तक शेवटी शेजारच्या कपाटात निघालं. मग पाट्या बदलायच्या ठरल्या, तर तोवर सगळ्यांना त्या उलट्या पाट्यांचीच सवय झालेली. "अजून तशाच असतील," मामा म्हणाले. त्या रात्रीपासून मायक्रोसॉफ्टबद्दल त्यांचं मत पुष्कळ सुधारलं आहे. "माणसं आहेत तिथे," असं ते हल्ली म्हणतात.

त्यांच्या या दप्तरी वळणाचा मला जितका वैताग येतो, तितकाच एकदा आधारही वाटला. झालं असं, की एका दुपारी पडद्यावर अचानक लाल पान आलं, भोंगा वाजू लागला आणि 'तुमचा संगणक धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा' अशी सूचना आली. मामांनी अर्थातच फोन केला. कोणी जाणकार अधिकारी स्वतःहून फोन नंबर देतो, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. पलीकडच्या पोराने त्यांना ई फॉर एलिफंट, व्ही फॉर व्हिक्टर करत इव्हेंट व्ह्युअर उघडायला लावला. हा या लोकांचा ठरलेला डाव आहे. इव्हेंट व्ह्युअरमध्ये धडधाकट संगणकाच्याही लाल-पिवळ्या नोंदी ढिगाने असतात आणि पहिल्यांदा बघणारा घाबरून पैसे भरतो.

मामींनी मला नंतर सगळं साभिनय सांगितलं. पोरगा म्हणाला, "सर, देखिए, कितने एरर हैं!" मामांनी चष्मा बदलला, वही ओढली आणि म्हणाले, "हां, हां. मेरे पास एकशे बत्तीस हैं. आपके पास कितने हैं?" पोरगा गडबडला. मामा म्हणाले, "पहले ताळमेळ करेंगे. अनुक्रमांक एक. लिखो." त्यांनी त्याला महिरपी कंस सांगायला सुरुवात केली. पोरगा म्हणाला, सर, आधी पैसे भरा, मग आम्ही सगळं साफ करू. मामा म्हणाले, "अंदाजपत्रक लिखित में दो. आपका पदनाम क्या है? आपके ऊपर कौन साहब है? जीएसटी अलग से दिखाओ." त्याने साहेबाला दिलं. साहेबालाही मामांनी अनुक्रमांक एकपासूनच घेतलं. तासभर हे चाललं होतं. शेवटी साहेबाने फोन आपटला.

मामांनी परत लावला. प्रकरण अर्धवट ठेवणं त्यांच्या रक्तात नाही. तीन वेळा लावला, तो नंबर यांचा फोन घेईना. वहीत त्या दिवशीचा शेरा असा आहे: 'संबंधित अधिकारी चर्चेतून उठून गेले. त्यांच्याकडे मूळ अभिलेख उपलब्ध नसल्याचे दिसते.' मी त्यांना बरंच रागावलो, असल्या नंबरांवर फोन करायचा नसतो हे पुन्हा पुन्हा बजावलं. मामांनी मान डोलावली. आपण फसता फसता वाचलो, हे त्यांना आजही पटलेलं नाही. त्यांच्या मते ती माणसं कच्ची होती, इतकंच.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टने निवृत्त केलं. मामांचा संगणक विंडोज ११ला चालत नव्हता, सुरक्षेची एक चिप लागते, ती त्यात नव्हती. वर्षभराची मुदतवाढ मिळू शकते असं मी सांगितलं, तर मामा भडकले. "मुदतवाढवाल्यांनीच खात्याची वाट लावली. नियत वयोमान झालं की उठावं!" मग कॅनडातल्या मामेभावाने पैसे पाठवले आणि दिवाळीत नवा संगणक आला. मामांनी त्याला हळद-कुंकू लावलं, मामींनी ओवाळलं आणि मामांनी पहिलं स्कॅन लावलं.

शून्य.

हिरवी बरोबरची खूण आणि खाली 'कोणतीही त्रुटी आढळली नाही' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य. मामांनी पुन्हा लावलं. शून्य. त्यांचा चेहरा उतरला. "ज्या ऑडिटमध्ये एकही आक्षेप नाही, त्या ऑडिटरला कोणीतरी जेवायला नेलेलं असतं," ते म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत त्यांनी दुसरे दोन तपासनीस उतरवून घेतले. सेटअप फायली अर्थातच लगेच पुसल्या. आठवडाभरात नव्या वहीचं पहिलं पान भरलं आणि मामांचा रक्तदाबही, मामी म्हणतात, जागेवर आला.

जुना संगणक मात्र अजून खोलीच्या कोपऱ्यात आहे. तो असा तसा देता येत नाही, आधी निर्लेखन व्हायला लागतं. मामांनी तीन सदस्यांची समिती नेमली: अध्यक्ष ते स्वतः, सदस्य मामी आणि सदस्य-सचिव मी. प्रस्तावात वस्तूचं नाव, खरेदीचा दिनांक, मूळ किंमत आणि निरुपयोगी होण्याचं कारण आहे. तीन भंगारवाल्यांकडून दरपत्रकं मागवली आहेत. पैकी दोघांनी लिहून द्यायला नकार दिला. मी माझी सही करून दिली. मामींनी सहीच्या आधी शेरा मारला: 'सहमत. संगणकाबरोबर जुनी वहीही न्यावी.' त्यावर अध्यक्षांनी लाल शाईने टिपलं, की सदस्यांनी विषयपत्रिकेबाहेरचे मुद्दे उपस्थित करू नयेत, आणि बैठक तहकूब केली. पुढची तारीख ठरलेली नाही. भंगारवाला दोनदा दारावरून हाक मारून गेला.